टँकर पळताना दिसला पाहिजे

आमचा फोटो स्टुडिओ बीडच्या मोठ्या रस्त्यावर होता. पुढच्या खोलीत माझे यजमान फोटो काढायचे आणि मागच्या अंधाऱ्या खोलीत फिल्म धुणं, प्रिंट काढणं हे काम माझं. लग्न होऊन आले तेव्हा त्यांनीच मला ते शिकवलं. सात-आठ वर्षांत माझा हात त्यांच्यापेक्षा चांगला बसला होता, हे तेही कबूल करायचे. कॅमेरा मात्र मी कधी हातात धरला नव्हता. तशी गरजच पडली नव्हती.

यजमानांची सगळी कला माणसाला गप्प उभं करण्यात होती. रडणारं पोर असो की नवी नवरी, ते काळ्या कापडाजवळ उभे राहून इतक्या हळू आवाजात "हलू नका हं" म्हणायचे की समोरचा श्वासही धरून ठेवायचा. त्यांचे फोटो सुंदर यायचे. पण त्या वर्षी दुष्काळ पडला होता. बरीच घरं ऊसतोडीला नेहमीपेक्षा लवकर निघून गेली होती, लग्नं पुढच्या साली ढकलली होती आणि स्टुडिओच्या पायऱ्यांवर दिवसभर फक्त धूळ यायची.

अशात एक दिवस सहकारी संघाचे चेअरमन आले. आडदांड देह, पांढरे शुभ्र कपडे, आणि बोलणं असं की रस्त्यापलीकडे ऐकू जावं.

"वहिनी, चहा नको. पाणी तर मुळीच नको, सध्या कुणाच्या घरचं पाणी पिऊ न्हाई," ते खुर्चीत बसत म्हणाले. मग यजमानांकडे वळले. "आपल्या संघाचा टँकर गावोगाव पाणी घेऊन पळायलाय. जनावरांच्या छावणीला बी आपणच पाणी देतो. औंदाच्या अहवालात पहिल्या पानावर त्याचा फोटो पायजे. पण एक लक्षात ठेवा, टँकर पळताना दिसला पाहिजे."

यजमानांनी दुसऱ्याच दिवशी फोटो काढला. टँकरचा नंबरसुद्धा वाचता येत होता, एवढा स्वच्छ. चेअरमननी तो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

"हा तर उभा हाय."

"साहेब, पळत होता. मी समोर होतो ना."

"तुमाला माहीत हाय हो. बघणाऱ्याला कसं कळावं?"

यजमानांनी परत काढला. आता शटर हळू ठेवलं, म्हणजे हालचाल दिसेल. फोटोत रस्ता दिसला, लिंबाचं झाड दिसलं, सायकलचं दुकान दिसलं, आणि मधून धुराचा एक लांबडा ढग गेलेला दिसला. तो टँकर होता. चेअरमन इतके हसले की त्यांना ठसका लागला. यजमानांनी मात्र रात्री अर्ध्या भाकरीवरच ताट सारलं. म्हणाले, "हलणाऱ्या वस्तूचा फोटो आपल्याकडून होणार नाही. त्यांना नाही म्हणून सांगतो."

तेव्हा मला एक चित्र आठवलं. प्रिंट गुंडाळायला आम्ही रद्दी आणायचो, त्यात कधीतरी एक इंग्रजी मासिक आलं होतं. त्यात शर्यतीच्या मोटारीचा फोटो होता. मोटार आणि आत बसलेला माणूस अगदी स्पष्ट, आणि मागची माणसं, झाडं, घरं सगळी कंगव्याने विंचरल्यासारखी आडवी ओढलेली. मी ते पान फाडून ठेवलं होतं. शोधून त्यांच्यापुढे ठेवलं.

त्यांनी बराच वेळ पाहिलं. "मागचं ओढलं गेलंय, म्हणजे कॅमेरा फिरवलाय. गाडीबरोबर फिरवलाय."

"मग तुम्ही फिरवा."

"माझा हात नाही फिरत. वीस वर्षं कॅमेरा हलू नये म्हणूनच जीव काढलाय मी." मग त्यांनी कपाटातून जुना जपानी कॅमेरा काढला, त्यात रोल भरला आणि माझ्यापुढे ठेवला. "तुला दिसतंय ना ते? मग तूच काढ."

मला वाटलं, चिडून म्हणतायत. पण ते शटरचा आकडा कुठे ठेवायचा ते समजावून सांगू लागले. ऊन कडक असताना हळू शटर ठेवलं तर फोटो पांढराफटक होईल, म्हणून सावल्या लांब झाल्यावरच काढायचा. गाडी जिथून जाणार तिथल्या एखाद्या खुणेवर आधीच फोकस धरायचा, कारण गाडी आल्यावर वेळ मिळत नाही. एवढं सांगून त्यांनी कॅमेऱ्याचा पट्टा माझ्या गळ्यात घातला.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता मी पदर खोचून रस्त्यावर उभी राहिले. आमच्या समोरच एका मिस्त्रींचं गॅरेज होतं. साठीचे मुसलमान गृहस्थ, दाढी मेंदीने रंगवलेली, हात कायम तेलात. त्यांच्या गॅरेजपुढे रस्ता सरळ आणि थोडा उताराचा होता, म्हणून पुलावरून आलेल्या गाड्या तिथे जोर धरायच्या. रस्त्याच्या मध्ये एक बुजवलेला खड्डा होता, त्यावर मी फोकस धरला.

पहिली आली जीप. मी कॅमेरा डोळ्याला लावला, जीप भिंगात धरली, तिच्याबरोबर वळू लागले, आणि जीप बरोबर माझ्यासमोर येऊन थांबली. आत दहा-बारा माणसं. सगळ्यांनी टोप्या सारख्या केल्या. मागच्या फळीवर उभे असलेले दोघे पुढे वाकले.

"काढा ताई," ड्रायव्हर म्हणाला.

"अहो, थांबू नका, जा तुम्ही! पळतानाचा पाहिजे."

"पळताना चेहरे कसे येतील?"

मागून हॉर्न वाजू लागले, तेव्हा मिस्त्री हातात पाना घेऊन बाहेर आले आणि ओरडले, "चल बे, हो पुढं! तुझं लगीन हाय का इथं?"

त्यानंतरची अँबेसेडर थांबली. फियाट थांबली. शहरात नुकत्याच आलेल्या छोट्या मारुती मोटारींपैकी एक गेली, ती वीस पावलं पुढे जाऊन थांबली आणि उलटी मागे आली. आत एक डॉक्टर होते. त्यांनी खिशातून काळा चष्मा काढून लावला, म्हणाले, "मी परत पुलापासून येतो, तयार राहा." ते खरंच परत आले, पण बैलगाडीच्या वेगाने आले, मान माझ्याकडे वळवून.

दोन-तीन दिवसांत भलतीच बातमी पसरली. परिवहन खात्याने एक बाई नेमली आहे आणि ती जोरात जाणाऱ्यांचे फोटो काढून साहेबाला देते. मग काय विचारता. पुलापासून नाक्यापर्यंत सगळी वाहनं शाळेत निघाल्यासारखी शिस्तीत चालू लागली. रिक्षावाले मला नमस्कार करायचे.

मिस्त्री पोट धरून हसायचे. "भाभी, तीस साल इथं बसलोय. असा शरीफ रस्ता कधी देखला न्हवता."

पहिला रोल धुतला त्या दिवशीचं मला अजून आठवतं. फिल्म धुवायला खरं तर वाहतं पाणी लागतं. आमच्याकडे नळाला पाचव्या दिवशी पाणी यायचं, म्हणून मी ट्रेमध्ये थोडं थोडं पाणी घेऊन, हलवून, बदलून फिल्म धुवायचे, आणि ते पाणी मोरीसाठी ठेवायचे. इतकं जपून धुतलेल्या त्या छत्तीस चित्रांत काय निघालं? एका मोटारीची डिकी. एक अर्धी गाय. मिस्त्रींचा पाना. कितीतरी नुसते रस्ते, आडवे ओढलेले, सुंदर ओढलेले, पण रिकामे. गाडी प्रत्येक वेळी चौकटीतून पुढे निघून गेलेली. यजमान दारात उभे राहून माझं तोंड बघत होते. मी रोल त्यांच्या हातात दिला. त्यांनी एकेक चित्र दिव्यापुढे धरून पाहिलं आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, "गाय छान आलीय."

मला इतकं हसू आलं की मी तिथेच खाली बसले.

मिस्त्रींनी दोन सोयी करून दिल्या. गॅरेजच्या पत्र्याआड एक लाकडी पेटी टाकली, म्हणजे गाडीवाल्यांना मी लांबून दिसू नये. आणि दुसरं म्हणजे त्यांचे कान. ते गाडीखाली आडवे पडलेले असायचे आणि तिथून सांगायचे, "अँबेसेडर, तिसऱ्या गियरला. जोरात हाय." किंवा, "याला सोडा, याचा क्लच गेलाय, येईस्तोवर संध्याकाळ होईल." गाडी दिसण्याआधी मला ती कळायची. पाय मी खड्ड्याकडे तोंड करून रोवायचे, कमरेतून पुलाकडे वळायचे आणि गाडी आली की तिच्याबरोबर उलगडत यायचे. पण बटण दाबलं की काहीतरी बिघडायचं. दुसऱ्या रोलमध्ये गाड्या चौकटीत आल्या, पण सगळ्या पुसट, डोळ्यात पाणी आल्यावर दिसतात तशा.

त्याच आठवड्यात माझे वडील आले. आमचं माहेर शिरूर कासारकडचं. आबांनी दोन बैल छावणीत नेऊन बांधले होते आणि ते स्वतःही तिथेच बैलांशेजारी राहत होते. छावणीच्या कामाने बीडला आले की माझ्याकडे यायचे. या वेळी आले ते तणतणतच.

"टँकर अर्धाच येतो गं. निघताना भरून निघतो म्हणं, आणि छावणीत आला की हात-दीड हात कमी. लोक त्या ड्रायव्हरवर धावून गेलते काल. वाटेत कुणाच्या तरी हौदात सोडतो म्हणायलेत."

"खरंच सोडतो?"

"देवाला ठाऊक. पोरगं तसं दिसत न्हाई. रडायला आलतं."

पाच वाजता मी कॅमेरा घेऊन निघाले, तर आबाही मागोमाग आले. पत्र्याआड पेटीवर बसून त्यांनी माझं वळणं, बटण दाबणं, परत वळणं बराच वेळ पाहिलं. पाच-सहा गाड्या गेल्या.

"तू कावून थांबायलीस मधीच?" त्यांनी विचारलं.

"मी कुठे थांबतेय?"

"थांबतीस. खटका वाजला की थांबतीस. गोफण इसरलीस का काय? दगुड सुटल्यावर हात तिथंच धरतीस का? पुढं जाऊ देतीस ना?"

लहानपणी ज्वारी हुरड्याला आली की मी माळ्यावर उभी राहून गोफणीने पाखरं हाकायचे. मला दिवसाला कितीतरी वेळा गोफण फिरवायची सवय होती, आणि आबा म्हणत होते ते अक्षरशः खरं होतं. कॅमेऱ्याचं बटण दाबलं की भिंगातलं चित्र क्षणभर काळं होतं. त्या काळोखात गाडी दिसेनाशी व्हायची आणि मी घाबरून थांबायचे. थांबायचं नव्हतंच. गाडी दिसो न दिसो, ती जिथे असेल तिथपर्यंत हात जाऊ द्यायचा.

"अँबेसेडर," गाडीखालून आवाज आला. "चौथ्या गियरला!"

मी वळले, धरली, उलगडत आले, बटण दाबलं, काळोख झाला आणि मी तशीच फिरत राहिले. इतकी फिरले की शेवटी पेटीवर बसलेल्या आबांच्या पागोट्याला माझं कोपर लागलं.

त्या रात्री धुऊन झालेली फिल्म पाण्यातून वर उचलली आणि दिव्यापुढे धरली, तेव्हा मला ओरडावंसं वाटलं. पांढरी अँबेसेडर निगेटिव्हवर काळी उमटलेली, पण स्वच्छ, तिच्या पुढच्या काचेवरचा झेंडूचा हारसुद्धा दिसत होता. चाकं गरगरत होती आणि मागचं सायकलचं दुकान, लिंब, माणसं सगळी वाऱ्यासारखी मागे वाहत चालली होती. मी यजमानांना हाक मारली. त्यांनी फिल्म पाहिली, चष्मा काढला, पुसला, परत पाहिली. "आता चेअरमनना 'नाही' म्हणायचं कारण नाही," एवढंच म्हणाले. पण मग आबांना उठवायला स्वतः गेले.

संघाची विहीर शहराच्या वरच्या अंगाला होती. तिथून टँकर भरून रोज साडेपाचच्या सुमाराला आमच्या रस्त्याने जायचा. मी कुणाला काही सांगितलं नाही, नाहीतर ड्रायव्हरने त्यालाही हार घातला असता. तिसऱ्या दिवशी मिस्त्रींनी कान टवकारले. "टँकर. भरलेला हाय, दबून बोलायलाय."

तो पुलावरून उतरला आणि उताराला त्याने जोर धरला. मी तीन फोटो घेतले. दुसरा घेताना मला आतूनच कळलं की हा आला.

प्रिंट मोठी काढली. ट्रेमध्ये हळूहळू चित्र उमटू लागलं. आधी चाकं, मग ड्रायव्हरचा चेहरा, पुढे रोखून पाहणारा, मग टाकीची गोल बाजू. आणि मग टाकीच्या वरून मागे काहीतरी पांढरं उमटू लागलं. मला वाटलं, फिल्मला ओरखडा पडलाय. पण ते वाढत गेलं. घोड्याची आयाळ वाऱ्यावर उडावी तशी एक लांब पांढरी रेघ टँकरच्या झाकणापासून निघून पार चौकटीबाहेर गेली होती.

इतका देखणा फोटो मी तोपर्यंत काढलेला नव्हता. ओलाच घेऊन मी रस्ता ओलांडला आणि मिस्त्रींना दाखवला. त्यांनी हात फडक्याला पुसले, दोन बोटांनी कडा धरली आणि त्यांचं हसू गेलं.

"भाभी, हे पानी हाय."

"असेल. टँकर म्हटलं की थोडं सांडतंच."

"थोडं न्हाई. ही धार देखो. झाकणाचा रबर गेलाय, आणि बिजागरी वाकडी हाय. प्रत्येक खड्ड्याला झाकण उचलतं आणि पानी बाहेर फेकतं. छावणीपर्यंत किती खड्डे हायत?"

उभ्या टँकरचं झाकण घट्ट बसलेलं दिसायचं. यजमानांचा पहिला फोटो समोरून घेतलेला, त्यात माथा आला नव्हता. ड्रायव्हर पुढे बसलेला, त्याला माथ्यावरचं काही दिसत नव्हतं. छावणीत पोचून तो खाली उतरेपर्यंत वाऱ्याने पत्रा वाळलेला असायचा. रस्त्यावरच्या माणसाला टँकर दिसायचा तो डोळ्यांपुढून जाईपर्यंत. मला आबांचं बोलणं आठवलं, रडायला आलेला ड्रायव्हर आठवला, आणि अहवाल वगैरे सगळं डोक्यातून गेलं.

तरी चेअरमनकडे जाणं सोपं नव्हतं. संघाच्या टँकरमधून पाणी सांडताना दाखवणारा फोटो घेऊन संघाच्याच अध्यक्षाकडे जायचं! यजमान म्हणाले, "मी येतो बरोबर. पण बोल तूच. फोटो तुझा आहे."

चेअरमननी फोटो टेबलावर ठेवला. आधी त्यांचा चेहरा खुलला. "वा! आता कसं, पळायलाय! वहिनी, तुमी काढलाव?" मग त्यांचं बोट त्या पांढऱ्या रेघेवर आलं. "हे काय?"

मी सांगितलं. झाकण, रबर, बिजागरी, छावणीतली भांडणं, सगळं. ते ऐकत होते. खोलीत आणखी दोन संचालक बसले होते, तेही फोटोवर वाकले. मला वाटलं, आता संपलं.

"म्हंजी तो पोरगा खरं बोलायलता," चेअरमन म्हणाले. "आणि मी परवा त्याला कामावरून काढतो म्हणालो." त्यांनी बाहेर हाक मारली आणि टँकर आत्ताच्या आत्ता गॅरेजला न्यायला सांगितलं. मग फोटो परत उचलला. "पण वहिनी, हा अहवालात कसा छापू? सभेत लोक माझंच झाकण उडवतील!"

स्वतःच्या बोलण्यावर ते स्वतःच गदगदून हसले, मग संचालक हसले, मग यजमानही हसले.

मिस्त्रींनी ट्रकच्या जुन्या ट्यूबमधून गोल रबर कापून झाकणाला बसवलं, बिजागरी ठोकून सरळ केली. दुसऱ्या दिवशी मी परत उभी राहिले आणि कोरडा टँकर पळताना काढला. अहवालाच्या पहिल्या पानावर तो छापून आला. तोही चांगला होता, पण माझ्या मनाला पहिल्याची सर त्याला आली नाही.

पहिल्याची एक प्रत मागायला तो ड्रायव्हर स्टुडिओत आला. पंचवीस-सव्वीसचा, सडपातळ माणूस. दारातच चपला काढून उभा राहिला. मी प्रत दिली. त्याने ती सदऱ्याच्या आत, छातीशी ठेवली.

"छावणीत दाखवतो," तो म्हणाला. "मी सांगून कुणी ऐकत न्हाई. हे ऐकतील."

पुढचं आबांकडून कळलं. फोटो छावणीभर हातोहात फिरला. जे त्याच्यावर धावून गेले होते, त्यांच्यातल्याच एकाने त्याला आपल्या खाटेवर बसवून भाकरी खाऊ घातली. काहींना फोटोतलं पाणी बघून हळहळ वाटली, काहींना टँकरचा वेग बघून भीती वाटली, आणि एका म्हाताऱ्याने विचारलं म्हणे, "एवढ्या जोरात पळणाऱ्या गाडीला या बाईनं थांबवलं कसं?" आबांनी सांगितलं, "थांबवली न्हाई. ती बी पळाली."

मी काही पळाले नव्हते, पण आबांना कोण सांगणार.

पुढच्या साली पाऊसपाणी बरं झालं आणि राहिलेली लग्नं एकदम निघाली. तेव्हापासून आमची वाटणी ठरली. मंडपातली माणसं यजमानांची, रस्त्यावरची वरात माझी. जीप आणि मोटारी सजवून, मुद्दाम वेगात नेऊन दाखवायच्या, कारण वरपक्षालाच आता तसे फोटो हवे असत. सिरसाळ्याच्या एका लग्नात मी सकाळपासून रस्त्याच्या कडेला कमरेतून वळून वळून इतकी दमले होते की पंगतीला बसल्यावर पुरीचा घास तोडायचा कंटाळा आला. यजमान शेजारीच बसले होते, दिवसभर "हलू नका" म्हणून त्यांचा घसा बसला होता. लग्नघरच्या बाई वाढपी घेऊन पंगतीतून आल्या आणि विचारू लागल्या, "फोटोग्राफर जेवले का? कोण हायत फोटोग्राफर?"

आम्ही दोघांनी एकदमच हात वर केला. बाई जरा गोंधळल्या, मग त्यांनी दोघांच्याही पानात दोन-दोन जिलब्या वाढल्या आणि पुढे गेल्या.